रॅमला गळती लागते तेव्हा…

"मॅडम, गाड्या उभ्या आहेत. चौदा गाड्या. गेटपासच निघत नाहीये."

वालीवच्या गोडाऊनमधल्या मुकादमांनी एवढंच सांगितलं आणि फोन तसाच चालू ठेवला. मागून हॉर्न ऐकू येत होते. जून २०२४ मधला शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. विरार पश्चिमेला माझी मावसबहीण, म्हणजे ताई, डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसली होती आणि मी समोर पोहे खात होते. आदल्या रात्रीपासून पाऊस झोडपत होता म्हणून ती अंधेरीला न जाता घरूनच काम करत होती. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "गेला परत."

गेला म्हणजे डेटाबेस.

ताई ज्या कंपनीत काम करते तिचं नाव इथे देत नाही, कारण तिची नोकरी अजून तिथेच आहे. ही कंपनी गोडाऊनसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठला माल कुठल्या गाडीत चढला, बिल कितीचं, ई-वे बिल निघालं का, हे सगळं त्यात नोंदवलं जातं आणि शेवटी गेटपास छापला जातो. गेटपास नसेल तर वॉचमन गाडी सोडत नाही. वालीव, सातिवलीपासून हायवेपर्यंत गोडाऊनची जी रांग आहे, तिथे सकाळच्या तासाभराला किती किंमत असते हे वसईकरांना सांगायला नको. गाडी दहाच्या आत हायवेला लागली नाही तर पुढे ट्रॅफिकमध्ये अडकते, आणि दुसरा फेरा बुडाला तर तो ड्रायव्हरच्याच खिशातून जातो.

डेटाबेस तीन-चार मिनिटांत आपोआप उभा राहिला. पण सगळ्यांचे लॉगिन तुटले होते, अर्धवट छापलेले गेटपास पुन्हा काढावे लागले. शेवटची गाडी सुटेपर्यंत सव्वादहा वाजले. महिन्याभरातला हा तिसरा शुक्रवार होता.

"दर वेळी शुक्रवारच का गं?" मी विचारलं.

"रविवारी रात्री बॅकअप घेऊन आम्ही सर्व्हर रीस्टार्ट करतो. सोमवारी मेमरी रिकामी असते. मग ती भरत जाते, भरत जाते, आणि शुक्रवारी फुटते."

ऑफिसात सगळ्यांचं बोट ताईकडे होतं. तिला लागून आठ महिने झाले होते, कन्फर्मेशनचं पत्र यायचं होतं आणि मे महिन्यात सुरू झालेला नवा डॅशबोर्ड तिने बनवला होता. 'तुझा डॅशबोर्ड आला आणि हे सुरू झालं' असं तिला दोन वेळा ऐकवून झालं होतं. सरांचं म्हणणं सोपं होतं: रॅम दुप्पट करू, विषय संपव.

मी मास कॉमची विद्यार्थिनी. रॅम म्हणजे मोबाईल घेताना विचारायचा आकडा, एवढंच मला माहीत. पण पुढचे आठ-नऊ दिवस मी तिच्याकडेच राहायला होते आणि रोज रात्री तिच्या शेजारी बसून तिला प्रश्न विचारून हैराण करत होते. त्यातून जे कळलं ते हे.

टाकी आणि टँकर

मेमरी लीकला आपल्याकडे सरळ 'गळती' म्हणता येईल आणि वसई-विरारच्या माणसाला गळती शिकवावी लागत नाही. सूर्याचं पाणी आज किती वाजता येणार, हा इथल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवरचा कायमचा मेसेज. ताईच्या बिल्डिंगमध्ये मागच्या वर्षी गच्चीवरची टाकी रात्रीतून अर्धी व्हायची. पहिले दोन महिने सोसायटीने टँकर मागवले. मग कोणीतरी म्हणालं, अरे, पाणी जातंय कुठे ते तरी बघा.

रॅम वाढवणं म्हणजे टँकर मागवणं. शुक्रवारी फुटणारा सर्व्हर पुढच्या बुधवारी फुटेल, बिल मात्र दर महिन्याला येईल.

तांत्रिक भाषेत गोष्ट अशी आहे. प्रोग्राम चालताना ऑपरेटिंग सिस्टिमकडून मेमरी मागून घेतो आणि काम झालं की त्याने ती परत करायची असते. मागितली पण परत करायची राहिली, की ती गळती. मेमरी कुठे नाहीशी होत नाही, ती त्या प्रोग्रामच्या नावावर पडून राहते, फक्त कोणाच्याच उपयोगाची नसते. एकदा विसरलं तर काही बिघडत नाही. तेच काम दिवसातून हजारो वेळा होत असेल आणि प्रोग्राम आठवडाभर बंदच होत नसेल, तेव्हा ते अंगावर येतं. तुमच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये गळती असली तरी ती तुम्हाला कधीच दिसणार नाही. डेमो पाच मिनिटांचा असतो.

डेटाबेसमध्ये क्वेरी चालवणं हे गळतीसाठी अगदी सोयीचं ठिकाण आहे. आपण विचारतो, 'या वर्षात वालीवहून भिवंडीला किती माल गेला?' ते वाक्य एका ओळीचं. आतमध्ये मात्र लाखो ओळी एकेक करून वाचल्या जातात, गाळल्या जातात, दुसऱ्या टेबलशी जुळवल्या जातात, सॉर्ट होतात, बेरजा होतात. इंजिनीअरिंगच्या मुलांकडे जहाजांच्या चित्राचं जाडजूड पुस्तक असतं ना, 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स', सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं, त्यात याचा छान खुलासा आहे. (यातले सुदर्शन म्हणजे आपल्या पवईच्या आयआयटी बॉम्बेचे प्राध्यापक. जगभर शिकवलं जाणारं पुस्तक आणि लेखक विरार लोकलपासून दोन रिक्षांवर!) वरचा टप्पा खालच्या टप्प्याला म्हणतो, 'पुढची ओळ दे.' तो त्याच्या खालच्याला म्हणतो, 'पुढची ओळ दे.' प्रत्येक ओळीमागे प्रत्येक टप्प्याला तात्पुरती थोडी जागा लागते. एका ओळीमागे शंभर बाइट परत करायचे राहिले आणि ओळी एक कोटी असल्या, तर एका क्वेरीत जवळपास एक जीबी गेला.

पत्रावळी एकदम उचला

ताईच्या कंपनीत पोस्टग्रेस वापरतात. हा फुकट आणि खुला डेटाबेस. त्याचं मूळ १९८६ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात आहे. या पोस्टग्रेसलाच एके काळी भयंकर गळती होती. त्याच्या सोर्स कोडमध्ये मेमरीबद्दल एक टिपण आहे, त्यात हे प्रांजळपणे लिहून ठेवलंय की ७.० आवृत्तीपर्यंत मोठ्या क्वेरींमध्ये मेमरी गळण्याचा गंभीर प्रश्न होता, कारण क्वेरी संपेपर्यंत मधली मेमरी पुन्हा वापरायची सोयच नव्हती. २००१ मध्ये ७.१ आवृत्ती आली आणि ती व्यवस्था बदलली. या बदलामागे मुख्य हात टॉम लेन यांचा.

ती युक्ती मला फार आवडली. पंगतीत जेवणं झाली की आपण सांडलेला भाताचा एकेक कण वेचत बसत नाही. पत्रावळ उचलायची, कण त्याच्यासकट जातात. पोस्टग्रेसने मेमरीच्या अशा पत्रावळी केल्या, त्यांना 'मेमरी कॉन्टेक्स्ट' म्हणतात. एका ओळीपुरती एक, एका क्वेरीपुरती एक, एका ट्रान्झॅक्शनपुरती एक. मेमरी मागायची ती कुठल्या तरी पत्रावळीवर. ओळीचं काम झालं की ओळीची पत्रावळ रिकामी, क्वेरी संपली की क्वेरीची फेकून दिली. मधल्या कोणी एखादी गोष्ट परत करायला विसरला तरी ती पत्रावळीबरोबर जाते.

"मग गळती व्हायलाच नको," मी म्हटलं.

"नकोच," ताई म्हणाली. "म्हणून तर डोकं फिरलंय."

(जावा, पायथनवाल्यांनी हसू नये. तिथे कचरा उचलायला आपोआप येणारी गाडी असते हे खरं, पण एखाद्या यादीत तुम्ही नवनवीन वस्तू टाकतच राहिलात तर ती गाडी त्यांना कचरा समजत नाही. गळती तिथेही होते.)

रात्रीची शोधमोहीम

पहिल्या रात्री ताईने लॉग उघडला. त्यात पोस्टग्रेसने नोंदवलं होतं की त्याची एक प्रोसेस 'सिग्नल ९' ने मारली गेली. मारेकरी लिनक्स स्वतःच. मशीनची मेमरी पूर्ण संपायला आली की लिनक्स हिशेब करून एखाद्या जास्त खाणाऱ्या प्रोसेसचा बळी देतं. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस असते, त्यामुळे खरं तर एकच कनेक्शन मेलं. पण अशी अचानक मेलेली प्रोसेस सगळ्यांच्या सामाईक मेमरीत काहीतरी अर्धवट लिहून गेली असेल, या भीतीने पोस्टग्रेस बाकीचीही सगळी कनेक्शन तोडतो आणि नव्याने उभा राहतो. डॅशबोर्डच्या एका प्रोसेसपायी गेटपासवाले सगळे बाहेर फेकले गेले ते असे.

मग प्रोसेसची यादी. ती बघताना ताई पहिल्यांदा फसली. यादीत प्रत्येक प्रोसेससमोर चार-साडेचार जीबी दिसत होते आणि प्रोसेस होत्या वीस. मशीनच सोळा जीबीचं! तिला वाटलं, यादीच चुकतेय. यादी बरोबर होती. त्या प्रत्येक आकड्यात सामाईक मेमरी धरलेली असते, म्हणजे एकच चार जीबीची टाकी वीस जणांच्या नावावर वीसदा मोजलेली. ती वजा केल्यावर खरा आकडा निघाला: सोमवारी प्रत्येकाकडे पंधरा-वीस एमबी, गुरुवारी रात्री पाचशेच्या वर.

दुसरी रात्र 'वर्क मेम'मध्ये गेली. सॉर्ट किंवा जुळवाजुळवीच्या एका टप्प्याने किती मेमरी वापरायची याची ही मर्यादा, मुळात ४ एमबी. कंपनीत कोणीतरी ती वाढवून ६४ केली होती. ताईने ती परत कमी केली. क्वेरी हळू झाली, गळती जिथल्या तिथे. ती रात्र अगदीच फुकट गेली म्हणायची, शिवाय अकरा वाजता लाइटही गेली आणि आम्ही इन्व्हर्टरच्या भरवशावर बसलो होतो.

तिसऱ्या रात्री मला पहिल्यांदा यात गंमत वाटायला लागली. पोस्टग्रेसच्या १४व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, एक सोय आहे: चालू कनेक्शनला विचारता येतं, तुझ्या पत्रावळींवर काय काय आहे? दुसऱ्या एखाद्या प्रोसेसला 'तुझा हिशेब लॉगमध्ये लिही' असंही सांगता येतं. ताईने सगळ्यात फुगलेल्या प्रोसेसला हिशेब लिहायला लावला. सगळ्या पत्रावळींची बेरीज चाळीस एमबीसुद्धा भरेना.

लिनक्स म्हणतं पाचशेहून जास्त, पोस्टग्रेस म्हणतो चाळीस.

ताई उठून गॅलरीत गेली, परत आली, म्हणाली, "अगं, हे पोस्टग्रेसच्या वहीतच नाहीये. कोणीतरी बाहेरचा मेमरी घेतोय."

केटरर आठवा. पंगत आपली, पत्रावळी आपल्या, पण जिलेबीवाला बाहेरून आलाय आणि त्याची भांडी आपल्या मोजणीत नाहीत. पंगत उठली की आपण आपलं सगळं उचलतो, त्याच्या कढया मात्र अंगणात तशाच राहतात.

हा बाहेरचा कोण, ते शोधायला सोसायटीच्या प्लंबरकाकांचीच पद्धत कामी आली. त्यांनी मागच्या वर्षी रात्री बारानंतर एकेका विंगचा व्हॉल्व्ह बंद करून टाकीची पातळी बघितली होती. सी विंग बंद केल्यावर पाणी जागच्या जागी राहिलं आणि गळती सापडली. ताईने टेस्ट सर्व्हरवर डेटाची नक्कल घेतली, एकच कनेक्शन उघडलं आणि डॅशबोर्डची क्वेरी त्यावर ओळीने दोन हजार वेळा चालवली. दर शंभर वेळांनंतर मेमरीचा आकडा वहीत लिहायचं काम माझ्याकडे. आकडा चढत होता, अगदी इमाने इतबारे, दर शंभराला तीस एमबीच्या आसपास. म्हणजे एका वेळी एमबीचे तीन दशांश. एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही इतकं. पण तीस गोडाऊन, प्रत्येकाचा डॅशबोर्ड दर पाच मिनिटांनी ताजा होणार, म्हणजे दिवसाला ८,६४० क्वेरी. त्या वीस कनेक्शनमध्ये वाटल्या तर प्रत्येकी चारशेच्या वर. साडेचार दिवसांचा गुणाकार करून बघा. शुक्रवार सकाळच येते.

मग व्हॉल्व्ह बंद करायला सुरुवात. बेरजा काढून टाकल्या, चढतंय. सॉर्ट काढला, चढतंय. तारखांची मर्यादा वर्षावरून एका आठवड्यावर आणली आणि आकडा थांबला. एकदम सपाट.

इथे मला वाटलं, सापडलं, जास्त डेटा म्हणजे जास्त गळती. ताईने मान हलवली. तसं असतं तर आठवड्याच्या क्वेरीतही थोडी तरी झाली असती. ही तर शून्य होती. म्हणजे मोठ्या क्वेरीला काहीतरी असं होतंय जे लहान क्वेरीला मुळीच होत नाही.

तिने मोठी क्वेरी 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज' लावून चालवली, म्हणजे डेटाबेसला 'काय काय केलंस ते सांग' म्हटलं. लांबलचक उत्तर आलं. त्याच्या अगदी तळाशी चार ओळी होत्या, ज्या रोज दिसायच्या आणि ज्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं: 'जिट', आणि त्याखाली 'इनलायनिंग: ट्रू'.

जिलेबीवाला सापडला

जिट म्हणजे जस्ट-इन-टाइम कंपायलेशन. क्वेरी फार जड असेल तर पोस्टग्रेस तिच्यातल्या अटी आणि हिशेबांसाठी जागच्या जागी खास मशीन कोड तयार करून घेतो, म्हणजे लाखो ओळींवर तेच काम भरभर होतं. ही सोय २०१८ च्या ११व्या आवृत्तीत आली आणि २०१९ च्या १२व्या आवृत्तीपासून ती मुळातच चालू असते. (त्याच ११व्या आवृत्तीत तुकड्या-तुकड्यांत विभागलेली टेबलं झटपट जुळवायची आणि त्यांच्या बेरजा काढायची सोयही आली. त्या कामाच्या श्रेयनामावलीत बापट आणि चाळके ही आडनावं बघून मला उगाचच भारी वाटलं.)

हा कोड पोस्टग्रेस स्वतः बनवत नाही. त्यासाठी तो एलएलव्हीएम नावाची बाहेरची लायब्ररी वापरतो, आणि ती मेमरी आपली आपण घेते. पोस्टग्रेसच्या पत्रावळीवर ती नसतेच, म्हणून हिशेबाच्या वहीत दिसत नव्हती. क्वेरीचा अंदाजे खर्च पोस्टग्रेस आधीच काढतो. तो एक लाखाच्या वर गेला की जिट सुरू होतं आणि पाच लाखांच्या वर गेला की 'इनलायनिंग', म्हणजे छोटी छोटी फंक्शन्स मोठ्यात मिसळून टाकणं. हे आकडे रुपये किंवा सेकंद नाहीत, पोस्टग्रेसचे स्वतःचे गुण आहेत. आठवड्याची क्वेरी पाच लाखांच्या आत होती. वर्षाची बाहेर.

ताईने टेस्ट कनेक्शनवर फक्त इनलायनिंग बंद केलं आणि क्वेरी पुन्हा दोन हजार वेळा चालवली. मी वहीत वीस वेळा जवळजवळ तोच आकडा लिहिला.

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. मावशी झोपेतून उठून 'काय झालं गं' म्हणत बाहेर आली, इतक्या जोरात आम्ही ओरडलो.

दुसऱ्या दिवशी ताईने पोस्टग्रेसच्या आवृत्त्यांच्या नोंदी वाचायला घेतल्या आणि तिथे तिला तिचीच गोष्ट सापडली. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पोस्टग्रेसच्या छोट्या सुधारित आवृत्त्या आल्या होत्या: १६.२, १५.६, १४.११ आणि त्याआधीच्या मालिकांच्याही. त्यांच्या नोंदींमध्ये एक दुरुस्ती होती, जिट इनलायनिंग करताना होणाऱ्या गळतीची. पुरेशा वेळा जिट झालं की प्रोसेसची मेमरी संपते, अशा तक्रारी अनेकांकडून आल्या होत्या. श्रेय आंद्रेस फ्रॉइंड आणि डॅनियल गुस्ताफसन यांना.

गळतीचं कारणही तितकंच साधं. प्रत्येक इनलायनिंगच्या वेळी एलएलव्हीएम डेटाच्या 'टाइप'ची नवी व्याख्या बनवायचं. हुबेहूब तशीच व्याख्या आधी बनवलेली असली तरी पुन्हा नवी, आणि जुनी तशीच ठेवायची. दोन हजार क्वेरी म्हणजे त्याच व्याख्यांच्या दोन हजार प्रती.

त्यावरचा उपाय वाचून मला आधी हसू आलं. या सगळ्या व्याख्या ज्या पेटीत साठतात ती पेटीच शंभर वापरांनंतर फेकून द्यायची आणि नवी घ्यायची. प्रत्येक वेळी फेकली तर नवी बनवायला वेळ जातो, कधीच नाही फेकली तर साठत राहतं, म्हणून शंभर. मला वाटत होतं की एवढ्या मोठमोठ्या लोकांचा उपाय काहीतरी गहन असेल. शेवटी तीच पत्रावळीची युक्ती, बाहेरच्या जिलेबीवाल्यालाही लागू केलेली.

आंद्रेस फ्रॉइंड हे नाव ओळखीचं वाटलं का? मार्च २०२४ च्या शेवटी याच माणसाने एक्सझेड नावाच्या लिनक्समधल्या लायब्ररीत कोणीतरी मुद्दाम घुसवलेलं चोरदार पकडलं होतं. लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून. अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणारी माणसं असतात म्हणून आपलं इंटरनेट चालतं, असं ताईचं मत आहे.

शुक्रवार

ताईच्या कंपनीचा सर्व्हर १४.९ वर होता. दुरुस्ती १४.११ मध्ये. म्हणजे इलाज चार महिन्यांपूर्वीच आला होता आणि कोणी घेतला नव्हता. इथे मला कंपनीचा राग आला होता, पण ताई म्हणाली की हे सगळीकडेच असतं. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा' ही भीती. खरं तर त्याच मालिकेतल्या छोट्या अपडेटसाठी डेटा बाहेर काढून पुन्हा भरावा लागत नाही. नवा प्रोग्राम टाकायचा आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. आणि रीस्टार्ट तर ते दर रविवारी करतच होते!

सरांसमोर तिने माझ्या वहीतले आकडे ग्राफ काढून ठेवले. दोन रेषा, एक चढणारी आणि एक सपाट. सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे डॅशबोर्डमुळेच होत होतं की."

"हो सर. क्वेरी जड होती, ते माझंच. त्याशिवाय इनलायनिंग लागलंच नसतं. पण जड क्वेरीने फक्त वेळ जास्त घ्यायला हवा, मेमरी खायला नको."

त्या दिवशी संध्याकाळी तात्पुरता उपाय म्हणून डॅशबोर्डच्या युजरसाठी जिट बंद केलं आणि त्याची जुनी कनेक्शन तोडून नवी उघडली. रविवारी रात्री १४.१२ टाकलं, तेव्हाची ताजी आवृत्ती. पुढच्या आठवड्यात तिने क्वेरीही बदलली. वर्षभराच्या बेरजा रात्री एकदाच काढून ठेवायच्या आणि दिवसा फक्त आजचा दिवस त्यात मिळवायचा. रॅम सोळाची सोळाच राहिली.

तुमच्यापैकी कोणाला हे स्वतः करून बघायचं असेल तर पोस्टग्रेस साध्या लॅपटॉपवर फुकट बसतो. लाखभर खोट्या ओळींचं टेबल बनवा, जिटच्या मर्यादा मुद्दाम खाली आणा, एकच क्वेरी हजार वेळा चालवा आणि प्रोसेसचा आकडा लिहीत जा. ताज्या आवृत्तीत आकडा थोडा चढून एका पातळीला थांबेल. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइजडीबीसारख्या कंपनीचं ऑफिस पुण्यातच आहे, त्यामुळे या कामाला इथे नोकरी नाही असंही नाही. ताईला मुलाखतीत कोणी गळतीबद्दल विचारलं नव्हतं. सगळे जॉइनचे प्रकार विचारतात, ती म्हणते.

अपडेटनंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही दोघी आठपासून ग्राफसमोर बसलो होतो. रेषा सोमवारी थोडी चढून तिथेच थांबली होती, मंगळवार, बुधवार, गुरुवार सपाट. बरोबर सव्वानऊला फोन वाजला. स्क्रीनवर मुकादमांचं नाव. ताईच्या हातातला चहा सांडला.

"मॅडम, एक काम होतं."

"बोला ना. गाड्या उभ्या आहेत का?"

"नाही हो, गाड्या कधीच सुटल्या. गेटपासवर आमच्या एका ड्रायव्हरचं आडनाव चुकीचं येतंय तीन महिने झाले. तेवढं दुरुस्त करता का?"